एका नावाच्या दोन ओळी: एक्सेलमधून टेक्स्ट फाइल काढताना

दर महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात नागपूरच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्यांत, वाडीच्या गोदामांत आणि शहरभरच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरांच्या ऑफिसांत एक काम हटकून चालतं. पगारपत्रकावरून पीएफचा ईसीआर काढायचा. ईसीआर म्हणजे दर कामगारामागे एक ओळ असलेली साधी टेक्स्ट फाइल. ती पोर्टलवर चढवायची, चलन काढायचं आणि १५ तारखेच्या आत पैसे भरायचे. पगारपत्रक बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये असतं. तिथे सगळं चोख दिसतं, बेरजा जुळतात, आणि तरीही फाइल नाकारली जाते. पुष्कळदा कारण एवढंच असतं की कुठल्यातरी नावाच्या मधोमध किंवा शेवटी डोळ्यांना न दिसणारा एक एंटर बसलेला असतो.

मग नोटपॅड उघडून तुटलेल्या ओळी शोधणं आणि बॅकस्पेस मारत त्या जोडणं सुरू होतं. पन्नास जणांच्या यादीत हे निभतं. आठशे जणांच्या यादीत निभत नाही, आणि निभलं तरी पुढच्या महिन्यात त्याच शीटमधून तीच ओळ पुन्हा तुटते. उशीर झाला की मालकाला व्याज आणि दंड लागतो, आणि जी ओळ तुटली तिच्यामागे एका माणसाची महिन्याची जमा अडकलेली असते. म्हणून पहिली गोष्ट ठामपणे सांगतो: साफसफाई टेक्स्ट फाइलमध्ये करू नका, शीटमध्येच करा. आणि करण्याआधी नको असलेला एंटर नेमका कुठला आहे ते ओळखा. सेलच्या आत शिरलेला एंटर वेगळा आणि ओळीच्या शेवटी असायलाच हवा तो एंटर वेगळा. दोघांना एकाच झाडूने झाडलं की फाइल पार बिघडते.

या लेखात फॉर्म्युल्यांची आणि आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. एक्सेलमध्ये ती अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची. पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की एक्सेल स्वतःच नाव सुचवतं.

एंटरच्या पोटात काय असतं

जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की डावीकडचा दांडा ओढावा लागे. त्या एका ओढीत दोन कामं होत: कॅरेज ओळीच्या सुरुवातीला परत येई आणि कागद एक ओळ वर सरके. टेलिप्रिंटरवर या दोन कामांसाठी दोन वेगळे संकेत होते. १९६३ मध्ये आस्की ही अक्षरांची प्रमाण यादी ठरली, तेव्हा दोन्ही तशीच आत आली. कॅरेज परत आणण्याला १३ क्रमांक मिळाला, त्याला सीआर म्हणतात. ओळ पुढे सरकवण्याला १० क्रमांक मिळाला, तो एलएफ.

विंडोज आजही ओळीच्या शेवटी दोन्ही लिहिते, आधी १३ मग १०. लिनक्स आणि आताचे मॅक फक्त १० लिहितात. २००१ च्या आधीचे मॅक फक्त १३ लिहीत. सारख्याच दिसणाऱ्या फाइलचे हे तीन प्रकार, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला कुठला हवा ते त्याच्यावर.

एक्सेलमध्ये सेलच्या आत ऑल्ट-एंटर दाबला की फक्त १० जातो. शीट सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणारी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केली की प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० दोन्ही येतात, आणि सेलच्या आतला १० तसाच राहतो, फक्त त्या सेलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं येतात. यात एक्सेलची काही चूक नाही. सीएसव्हीचे संकेत ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून निघाले, आणि त्यानुसार अवतरणचिन्हांच्या आतला एंटर हा मजकुराचा भाग धरायचा असतो. संकेत पाळणारा प्रोग्राम अशी फाइल बिनचूक वाचतो.

ईसीआरमध्ये मात्र अवतरणचिन्हांना जागाच नाही. तिथे रकाने #~# या खुणेने वेगळे होतात. एक ओळ अशी दिसते (प्रत्यक्ष फाइलमध्ये नाव आणि आकडे इंग्रजीत असतात):

यूएएन#~#सुनील मेश्राम#~#१५०००#~#१५०००#~#१५०००#~#१५०००#~#१८००#~#१२५०#~#५५०#~#०#~#०

अकरा रकाने आणि त्यांच्यामध्ये दहा खुणा. यूएएन (कामगाराचा पीएफचा क्रमांक), नाव, एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विमा यांचे पगार, मग तीन वर्गण्या, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल. आता नावाच्या सेलमध्ये सुनील आणि मेश्राम यांच्यामध्ये ऑल्ट-एंटर असेल तर एका ओळीच्या दोन ओळी होतात. पहिलीत दोनच रकाने, त्यातही दुसरा अर्धवट. दुसरी ओळ तर आडनावाने सुरू होते, जिथे बारा आकडी यूएएन हवा होता. वाचणारा प्रोग्राम दोन्ही ओळी चुकीच्या ठरवणार, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

रामदासपेठ-धंतोलीतल्या सीए ऑफिसांना असाच अनुभव टीडीएसच्या विवरणपत्रात येतो. तिथे रकान्यांची खूण ^ आहे. फाइलच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक नोंद नव्या ओळीवर सुरू व्हावी आणि शेवटच्या नोंदीसकट प्रत्येक नोंद १३ आणि १० या जोडीनेच संपावी (आराखड्यात ते सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, शून्य-डी आणि शून्य-ए असे दिले आहेत). म्हणजे शेवटच्या ओळीनंतरचा जो एंटर अनेक जण फालतू समजून पुसतात, तो इथे सक्तीचा आहे. म्हणून फाइल ज्यांना द्यायची त्यांचा आराखडा आधी वाचा. रकान्यांची खूण कोणती, ओळीचा शेवट कसा आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा की नको, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहून घेतल्या की पुढचं काम निम्मं होतं.

आधी शोधा, मग काढा

नको असलेला एंटर सेलमध्ये येतो कुठून? कोणीतरी पत्ता नीट दिसावा म्हणून ऑल्ट-एंटर मारलेला असतो. व्हॉट्सॲपवर आलेली नावं उचलून सेलमध्ये चिकटवली जातात आणि शेवटचा एंटर सोबत येतो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या शीटमध्ये १३ आणि १० दोन्ही येऊ शकतात. कधी सेलमध्ये अंडरस्कोर, एक्स, तीन शून्यं, डी आणि पुन्हा अंडरस्कोर असं चमत्कारिक चिन्ह दिसतं. ते दुसऱ्या सॉफ्टवेअरने लिहिलेल्या सीआरचंच शब्दरूप आहे, आणि साध्या फाइंड-रिप्लेसने निघतं.

डोळ्यांवर विसंबू नका. सेलला रॅप टेक्स्ट लावलेलं नसेल तर आतला एंटर दिसतही नाही, सगळं एका ओळीत असल्यासारखं वाटतं. त्याऐवजी मोजा. नावांचा रकाना बी असेल तर शेजारच्या मोकळ्या रकान्यात हे लिहा:

=लेन(बी२)-लेन(क्लीन(बी२))

क्लीन हा फॉर्म्युला आस्कीतली पहिली ३२ अदृश्य चिन्हं, म्हणजे ० ते ३१, काढतो. १०, १३ आणि टॅबचा ९ हे सगळे त्यातच आले. वजाबाकी शून्य आली तर नावात यातलं काही नाही, एक किंवा जास्त आली तर आत काहीतरी आहे. फॉर्म्युला खालपर्यंत ओढा, फिल्टर लावा आणि शून्य सोडून बाकी दाखवा. आठशे नावांतली गडबडीची पाच-सात नावं समोर येतील.

आता त्यातलं एक जवळून बघा. सुनील मेश्राम हे नाव इंग्रजीत लिहिलं तर मधली जागा धरून १३ अक्षरं होतात. लेन १४ सांगतोय. मग =कोड(राइट(बी२,१)) असं विचारा, म्हणजे शेवटच्या अक्षराचा क्रमांक कळेल. उत्तर १० आलं तर एंटर. १३ आलं तर सीआर. ३२ आलं तर साधी स्पेस. १६० आलं तर वेबसाइटवरून उचललेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस, जी दिसते साध्या स्पेससारखी पण ट्रिम किंवा क्लीन कोणालाच दाद देत नाही. चिन्ह मधेच असेल तर राइटऐवजी मिड वापरून एकेक अक्षर तपासता येतं. या शोधात चार मिनिटं जातात, पण नंतरचा अंदाजपंचे कारभार वाचतो.

काढताना शब्द चिकटू देऊ नका

नुसता क्लीन लावून मोकळं होण्याचा मोह होतो. तिथे फसगत आहे. क्लीन एंटर काढतो पण त्याच्या जागी काहीच ठेवत नाही. "प्लॉट नं. १२" आणि खालच्या ओळीतलं "त्रिमूर्तीनगर" यांचं "प्लॉट नं. १२त्रिमूर्तीनगर" होतं. नावात तर आडनाव पहिल्या नावाला चिकटतं आणि पोर्टलवरच्या नोंदीशी जुळेनासं होतं. म्हणून आधी एंटरच्या जागी स्पेस ठेवा, मग क्लीन, आणि सगळ्यात शेवटी ट्रिम. शीटमधला ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस तर काढतोच, शिवाय मधे दोन-तीन स्पेस आल्या असतील तर एकच ठेवतो. सगळं मिळून:

=ट्रिम(क्लीन(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(सबस्टिट्यूट(बी२,कॅर(१३)," "),कॅर(१०)," "),कॅर(१६०)," ")))

आतून बाहेर वाचा: १३ च्या जागी स्पेस, १० च्या जागी स्पेस, १६० च्या जागी स्पेस, उरलेली अदृश्य चिन्हं बाहेर, जादा स्पेस बाहेर. लिहायला लांब आहे, पण एकदा लिहिला की वर्षानुवर्षं चालतो. हा फॉर्म्युला मूळ रकान्यावर उलटवू नका. मूळ शीट जशी आली तशी ठेवा, दुसऱ्या शीटमध्ये स्वच्छ रकाने तयार करा आणि फाइल त्यातूनच काढा. उद्या कोणी नाव का बदललं असं विचारलं तर मूळ दाखवता आलं पाहिजे.

घाई असेल तर कंट्रोल-एच उघडून फाइंडच्या चौकटीत कंट्रोल-जे दाबा. चौकट रिकामीच दिसते, फार तर एक बारीक टिंब लुकलुकतं, पण १० क्रमांक आत गेलेला असतो. रिप्लेसच्या चौकटीत एक स्पेस द्या आणि रिप्लेस ऑल. इथे दोन सावधगिऱ्या. काम झाल्यावर फाइंडची चौकट डिलीट दाबून रिकामी करा, नाहीतर तो अदृश्य एंटर तिथेच बसतो आणि पुढचा कुठलाही शोध "सापडलं नाही" म्हणतो. दुसरी जास्त महत्त्वाची: रिप्लेस करण्याआधी फक्त नाव-पत्त्याचे रकाने निवडा. पूर्ण शीटवर रिप्लेस ऑल केलं आणि एखाद्या खाते क्रमांकाच्या शेवटी एंटर होता, तर एंटर निघताच एक्सेल तो क्रमांक आकडा समजू शकतं. मग पुढची शून्यं गळतात, आणि १५ पेक्षा जास्त आकडे असतील तर सोळाव्यापासून पुढे शून्यं पडतात. ती परत मिळत नाहीत.

लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांसाठी: तिथे सेलच्या आतला एंटर कंट्रोल-एंटरने पडतो, आणि फाइंड-रिप्लेसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा पर्याय चालू करून उलटी तिरकी रेघ आणि छोटा एन लिहिला की तो सापडतो.

नोटपॅडमध्ये अचानक उगवलेली अवतरणचिन्हं

बरेच जण सेव्ह ॲजच्या भानगडीत न पडता शीटमध्येच सगळे रकाने & ने जोडून एका रकान्यात पूर्ण ओळ तयार करतात, तो रकाना कॉपी करतात आणि नोटपॅडमध्ये चिकटवतात. ईसीआरसाठी ही पद्धत मला पसंत आहे. साधी आहे, समोर दिसते, आणि बदली माणसालाही पाच मिनिटांत समजते.

पण कधी कधी चिकटवल्यावर काही ओळींच्या सुरुवातीला आणि शेवटी दुहेरी अवतरणचिन्हं आलेली असतात, जी शीटमध्ये कुठेच नव्हती. घाबरू नका आणि ती नुसती पुसूही नका. सेलमध्ये एंटर किंवा टॅब असेल तर कॉपी करताना एक्सेल त्या मजकुराला अवतरणात गुंडाळतं. म्हणजे ती चिन्हं खरं तर इशारा आहेत: याच ओळीत काहीतरी लपलंय. शीटमध्ये परत जा, त्या ओळीचं नाव शोधा, स्वच्छ करा, पुन्हा कॉपी करा. अवतरणचिन्हं आपोआप नाहीशी होतील.

या जोडणीत आणखी एक गोष्ट सांभाळा, जरी तिचा एंटरशी थेट संबंध नसला तरी. सेलमध्ये १८०० दिसत असलं तरी आत १७९९.६४ असू शकतं, आणि & हा दिसणारा आकडा न घेता आतला घेतो. रकमा राउंड करूनच जोडा. सीएसव्हीचं नेमकं उलट आहे. तिथे दिसतं तेच लिहिलं जातं. जनरल फॉरमॅटमधला बारा आकडी यूएएन एक्सेल १.०१ई+११ अशा रूपात दाखवतं, आणि सीएसव्हीत तेवढंच जातं, बाकीचे आकडे गेले. यूएएनचा रकाना सुरुवातीपासून टेक्स्ट ठेवला तर दोन्हीकडून सुटका.

सेव्ह ॲजची यादी

सेव्ह ॲजच्या यादीत सीएसव्हीचे चार प्रकार दिसतात, आणि बहुतेक जण पहिला दिसेल तो निवडतात. "सीएसव्ही मॅकिंटॉश" चुकूनही निवडू नका. तो ओळीच्या शेवटी फक्त १३ लिहितो आणि आजच्या अनेक प्रोग्रामना पूर्ण फाइल एकच लांबलचक ओळ वाटते. मजकूर फक्त इंग्रजीत असेल तर साधा "कॉमा डिलिमिटेड" पुरतो. देवनागरी असेल तर "सीएसव्ही यूटीएफ-८" हाच घ्यायचा.

"टेक्स्ट टॅब डिलिमिटेड" निवडला तरी अवतरणचिन्हांपासून सुटका नाही. सेलमध्ये स्वल्पविराम असला तरी तिथे अवतरणचिन्हं येतात. पत्त्यांच्या यादीत तर प्रत्येक ओळीत स्वल्पविराम.

फाइलच्या शेवटी नुसते स्वल्पविराम किंवा नुसते टॅब असलेल्या ओळींची रांग दिसली तर त्याचं कारण शीटच्या तळाशी आहे. मागच्या महिन्यातल्या कामगारांच्या ओळी डिलीट बटणाने रिकाम्या केल्या असतील, तरी एक्सेलच्या लेखी तो भाग वापरातलाच असू शकतो. कंट्रोल-एंड दाबा. कर्सर तुमच्या शेवटच्या नावाच्या खाली कुठेतरी जाऊन थांबला, तर मधल्या सगळ्या ओळी डावीकडच्या क्रमांकावरून निवडून कंट्रोल आणि वजा दाबून काढा, फाइल सेव्ह करा आणि मग निर्यात करा.

मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी

ज्यांच्याकडे दहा-बारा साइट आहेत ते मॅक्रोनेच फाइल काढतात. तिथे सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ. मॅक्रोच्या भाषेतली, म्हणजे व्हीबीएची, प्रिंट ही आज्ञा मजकूर लिहिल्यावर स्वतःहून १३ आणि १० जोडते. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसतं, तो ओळीच्या शेवटी आणखी एक व्हीबीसीआरएलएफ (म्हणजे १३-१० ची जोडी) लावतो, आणि दोन एंटर होतात. प्रिंटच्या आज्ञेच्या शेवटी अर्धविराम दिला की ती स्वतःहून काही जोडत नाही.

त्यावरून एक सरळ रीत बसवता येते. ओळ तयार करा. ती पहिली नसेल तर तिच्या आधी व्हीबीसीआरएलएफ लिहा. सगळं लिखाण अर्धविराम देऊनच करा. मग ओळींच्या मधे बरोबर एक एंटर राहतो आणि शेवटच्या ओळीनंतर काहीच नाही. टीडीएससारख्या फाइलला शेवटचा एंटर हवा असेल तर लूप संपल्यावर एकदा लिहा. काही प्रोग्राम शेवटची रिकामी ओळ ही एक नवी नोंद समजतात आणि रकाने कमी आहेत म्हणून फाइल परत करतात, तर काहींना तो एंटर हवाच असतो. तो निर्णय तुमच्या हातात राहणं, हाच या रीतीचा फायदा.

सेलमधला मजकूर ओळीत घालण्याआधी रिप्लेसने आधी १३-१० ची जोडी, मग सुटा १३, मग सुटा १०, अशा क्रमाने स्पेस करा. उलट क्रमाने केलं तर जोडीच्या जागी दोन स्पेस पडतात, आणि व्हीबीएचा ट्रिम शीटमधल्या ट्रिमसारखा मधल्या जादा स्पेस काढत नाही. प्रिंटऐवजी राइट आज्ञा वापरू नका, ती मजकुराला अवतरणचिन्हं लावते. आणि फाइल उघडताना आउटपुट म्हणा, अपेंड नाही. अपेंडमध्ये मागच्या वेळच्या ओळी तशाच राहतात आणि नव्या त्यांच्याखाली जातात.

देवनागरी मजकूर असेल तर

ईसीआरमध्ये नावं इंग्रजीत जातात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. पण शाळेचा पट, सोसायटीची सभासद यादी, वाचनालयाची ग्रंथसूची, पतसंस्थेचे सभासद हे सगळं मराठीत असतं आणि तेही कुठल्यातरी सॉफ्टवेअरला टेक्स्ट म्हणून द्यावं लागतं. साध्या सीएसव्हीत किंवा प्रिंट आज्ञेने लिहिलेल्या फाइलीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करून शीट बंद केली की मूळ अक्षरं परत आणता येत नाहीत. सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, किंवा मॅक्रोत एडीओडीबी स्ट्रीम वापरून कॅरसेट यूटीएफ-८ ठेवा. या दोन्हींत फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण (बॉम) येते. एक्सेलला ती उपयोगी पडते. काही प्रोग्राम मात्र तिला पहिल्या रकान्याचा भाग समजतात आणि फक्त पहिलीच ओळ चुकते. फक्त पहिली ओळ नाकारली जात असेल तर संशय या खुणेवर घ्या. नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करताना एन्कोडिंगमध्ये बॉम नसलेला यूटीएफ-८ निवडला की ती जाते.

आता सगळ्यात जपण्याची गोष्ट. इंटरनेटवर "सर्व अदृश्य चिन्हं काढा" असे तयार मॅक्रो मिळतात. ते मराठीवर चालवू नका. वऱ्हाडपांडे, कऱ्हाडे, गोऱ्हे ही आडनावं बघा. त्यातला अर्धा र काही कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिघांनी मिळून लिहिला जातो. अदृश्य म्हणून ते जोडचिन्ह काढलं की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि वर्हाडपांडे असं चुकीचं नाव छापलं जातं. एक्सेलचा क्लीन ३१ च्या पुढे हात लावत नाही, म्हणून वरचा लांब फॉर्म्युला मराठीसाठी निर्धोक आहे.

जुनी यादी कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तिचं युनिकोडमध्ये रूपांतर करा, मगच निर्यात. कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या कळीवर ए आहे आणि दुहेरी अवतरणचिन्हाच्या कळीवर अर्धा ष. म्हणजे ज्या चिन्हांवर सीएसव्हीची सगळी मांडणी उभी आहे, ती तिथे मजकुरातलीच अक्षरं आहेत. अवतरणचिन्हं नको म्हणून पुसली तर यादीतले सगळे ष जातील.

पाठवण्याआधी

फाइल तयार झाली की नोटपॅडमध्ये उघडा. खालच्या पट्टीवर विंडोज, युनिक्स की मॅकिंटॉश असं लिहिलेलं दिसतं. ती ओळींच्या शेवटांची जात आहे. ही सोय विंडोज १० च्या २०१८ मधल्या सुधारणेपासून आली. त्याआधीचं नोटपॅड फक्त १० असलेल्या फाइलचे सगळे शब्द एका ओळीत दाखवत असे, त्यामुळे जुन्या मशीनवर फाइल एका ओळीत दिसली म्हणजे ती बिघडलीच असं नाही.

जास्त खात्रीसाठी नोटपॅड++ हा मोफत प्रोग्राम ठेवा. व्ह्यू मेनूमधून सर्व चिन्हं दाखवा म्हटलं की प्रत्येक ओळीच्या टोकाला काळ्या चौकटीत सीआर आणि एलएफ दिसतात. सगळीकडे जोडी असावी. कुठे एकटा एलएफ दिसला तर तो सेलमधून आलेला घुसखोर आहे. फाइलला सरसकट लिनक्सचे किंवा विंडोजचे शेवट हवे असतील तर एडिट मेनूतून ईओएल कन्व्हर्जन करता येतं. पण ते घुसखोर काढल्यानंतर. आधी केलं तर घुसखोरालाही जोडीदार मिळतो आणि तो ओळखूच येत नाही. फाइल लिनक्स सर्व्हरवर जाणार असेल आणि शेवटच्या रकान्यातलं "नागपूर" कशाशीच जुळत नसेल, तर तिथे सीआर शेवटच्या शब्दाला चिकटून राहिलाय असं समजा. तिथे डॉसटूयुनिक्स ही आज्ञा तो काढून टाकते.

मग दोन मोजण्या. ओळींची संख्या आणि कामगारांची संख्या सारखी हवी. नंतर फाइंडच्या खिडकीत #~# लिहून काउंट दाबा. ४८ कामगार असतील तर ४८० यायला हवेत, दर ओळीला दहा. ओळी ४९ आणि खुणा ४८० असतील तर कुठेतरी एक एंटर जास्त आहे, रकाने सगळे शाबूत आहेत. ओळी ४८ आणि खुणा ४७९ असतील तर प्रश्न एंटरचा नाहीच, जोडणीच्या फॉर्म्युल्यात एक खूण सुटली आहे. या दोन आकड्यांनी दोष कुठे शोधायचा ते लगेच कळतं, पोर्टलच्या मोघम निरोपाची वाट बघावी लागत नाही.

एंटर आत येऊच न देण्यासाठी

मूळ शीटमध्ये नावाच्या रकान्यावर डेटा व्हॅलिडेशन लावा. कस्टम पर्यायात =इझएरर(फाइंड(कॅर(१०),बी२)) लिहिलं की ऑल्ट-एंटर असलेली नोंद एक्सेल स्वीकारत नाही. चुकीबद्दलचा संदेशही मराठीत लिहिता येतो: "नाव एकाच ओळीत लिहा." हे बंधन हाताने टाइप केलेल्या नोंदीवरच चालतं. बाहेरून कॉपी करून पेस्ट केलेला मजकूर त्याला न जुमानता आत येतो, म्हणून लेन आणि क्लीनच्या वजाबाकीचा रकाना शीटमध्ये कायम ठेवा, त्याची बेरीज सगळ्यात वरच्या ओळीत घ्या आणि ती शून्य नसेल तर सेल लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. फाइल काढणारा माणूस बदलला तरी त्याला एवढंच सांगायचं की वरचा सेल लाल असेतो कॉपी करू नको.